आन्तिओकियाच्या डोंगरातला वैद्य

कोलंबियातील मेडेयिन शहरात १० सप्टेंबर २०२४ रोजी डॉ. फ्रान्सिस्को लोपेरा यांचे वयाच्या ७३ व्या वर्षी निधन झाले. त्याच वर्षी अमेरिकेतील मज्जाविकारतज्ज्ञांच्या संघटनेने त्यांना स्मृतिभ्रंशविषयक संशोधनासाठी दिला जाणारा प्रतिष्ठेचा पोटॅमकिन पुरस्कार देऊन गौरविले होते. तरीही आपल्याकडे हे नाव वैद्यकीय वर्तुळाबाहेर फारसे कोणाच्या कानावर गेलेले नाही. त्यात नवल वाटण्याजोगे काही नाही. लोपेरा यांच्या नावावर औषध नाही आणि एखादा गाजलेला सिद्धांतही नाही. त्यांच्या नावावर आहे ती एक प्रचंड वंशावळ, त्या वंशावळीतील सुमारे सहा हजार माणसांशी चार दशके टिकवलेला संबंध, आणि मेडेयिनच्या विद्यापीठात जपून ठेवलेले शेकडो मेंदू. अल्झायमरचा विकार लक्षणे दिसण्यापूर्वीच रोखता येईल काय, या आज जगभर चर्चिल्या जाणाऱ्या प्रश्नाची उभारणी बऱ्याच अंशी या सामग्रीवर झालेली आहे.

वैद्यकाचा पेशा सोडून प्रयोगशाळेत शिरणारे डॉक्टर पुष्कळ असतात. रुग्ण तपासता तपासता, रुग्णाचा हात न सोडता संशोधक झालेले डॉक्टर थोडे. लोपेरा हे दुसऱ्या प्रकारचे होते आणि म्हणूनच त्यांचा प्रवास नीट पाहण्यासारखा आहे. त्या प्रवासातून स्मृतिभ्रंशाच्या शास्त्राची दिशा कळते; आणि या शास्त्राने ज्यांच्याकडून घेतले त्यांना परत काय दिले, हा अवघड प्रश्नही त्यातूनच उभा राहतो.

वायव्य कोलंबियातील आन्तिओकिया हा अँडीज पर्वताच्या कुशीतला प्रांत. कॉफीचे मळे, गुरे, खोल दऱ्या आणि एकमेकांपासून तुटलेली डोंगरी गावे. याच भागात सान्ता रोसा दे ओसोसजवळ १९५१ मध्ये लोपेरा यांचा जन्म झाला आणि यारुमाल या गावात त्यांचे बालपण गेले. मेडेयिनच्या आन्तिओकिया विद्यापीठातून ते डॉक्टर झाले. तरुण डॉक्टरांना तेथे ग्रामीण भागात सक्तीची सेवा करावी लागते. लोपेरा यांनी ती पनामाच्या सीमेलगतच्या आकांदी या दुर्गम गावी केली. पुढे मज्जाविकारशास्त्राचे शिक्षण पुन्हा मेडेयिनलाच घेतले आणि मेंदू व वर्तन यांच्या संबंधाचा अधिक अभ्यास बेल्जियममधील लूव्हाँ येथे केला. परदेशी शिक्षण घेऊन तेथेच राहून जाण्याची वाट त्यांना मोकळी होती. ते परतले. या परतण्याचे मोल पुढे कळून आले.

१९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात, ते अद्याप निवासी डॉक्टर असताना, बेल्मिरा गावचा एक ४७ वर्षांचा शेतकरी त्यांच्यासमोर आणला गेला. त्याला काही आठवेनासे झाले होते, रोजची कामे जमेनाशी झाली होती. सत्तेचाळिसाव्या वर्षी असे होणे हे विचित्रच. पण त्याहून विचित्र होती ती घरच्यांनी सांगितलेली हकिगत. रुग्णाच्या वडिलांचे असेच झाले होते, आजोबांचे असेच झाले होते आणि आणखी काही नातलगांचेही. बहुतेक डॉक्टरांनी केसपेपरवर ‘कौटुंबिक इतिहास आहे’ एवढी नोंद केली असती आणि पुढचा रुग्ण बोलावला असता. लोपेरा त्या माणसाच्या गावी गेले.

त्यानंतरची काही वर्षे म्हणजे निव्वळ पायपीट होती. डोंगरातल्या घराघरांतून जायचे, म्हाताऱ्याकोताऱ्यांना बोलते करायचे, कोण कोणाचा मुलगा आणि कोण कितव्या वर्षी ‘खुळावला’ हे लिहून घ्यायचे. तोंडी माहिती संपली की गावच्या चर्चमध्ये जाऊन बाप्तिस्म्याच्या, विवाहाच्या आणि मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या उलगडायच्या. या कामात लुसिया माद्रिगल या परिचारिकेचा वाटा फार मोठा होता. वंशावळींचे ते भलेमोठे तक्ते त्यांनी वर्षानुवर्षे काढले आणि जपले. १९८७ मध्ये कोलंबियातल्याच एका वैद्यकीय नियतकालिकात लोपेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कुटुंबाविषयीचा पहिला निबंध प्रसिद्ध केला. तो स्पॅनिश भाषेत होता, आणि बाहेरच्या जगात त्याची फारशी दखल घेतली गेली नाही.

गावातल्या लोकांकडे या विकाराला स्वतःचे नाव होते: ‘ला बोबेरा’. आपल्याकडे जसे ‘म्हातारचळ’ म्हणतात किंवा ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून हसण्यावारी नेतात, तशाच जातीचा हा शब्द. फरक एवढाच, की तेथे साठीची वाट पाहावी लागत नसे. चाळिशीच्या मध्यावर विसराळूपणा सुरू होई, पन्नाशीच्या आसपास माणूस पूर्ण परावलंबी होई आणि साठीच्या आत-बाहेर मरण येई. कोणी म्हणे, पूर्वजाने देवळातल्या पैशाची चोरी केली म्हणून पाद्र्याने दिलेला हा शाप आहे. कोणी म्हणे, अमुक एका झाडाला हात लावल्याने असे होते. कोणाला करणीचा संशय येई. ज्या घरात प्रत्येक पिढीत निम्मी भावंडे अशी जात असतील, त्या घराने शापाखेरीज दुसरे काय समजायचे? या घरांतून एक दृश्य पुन्हा पुन्हा दिसे. ऐंशीच्या घरातली, डोके शाबूत असलेली आई आपल्या पन्नाशीतल्या मुलांना घास भरवीत बसलेली असे. जे दान म्हातारपणी मुलांनी फेडायचे, ते येथे उलटे वाहत होते.

हे काम ज्या काळात चालले, तो काळही लक्षात घ्यायला हवा. १९९१च्या सुमारास मेडेयिन हे जगातील सर्वाधिक खुनांचे शहर म्हणून कुप्रसिद्ध होते. अमली पदार्थांच्या व्यापाराचा सूत्रधार पाब्लो एस्कोबार डिसेंबर १९९३ मध्ये मारला गेला. पण डोंगरात बंडखोर, निमलष्करी टोळ्या आणि सैन्य यांच्यातील रक्तपात त्यानंतरही थांबला नाही. ज्या गावांतून रक्ताचे नमुने आणायचे, त्याच गावांच्या रस्त्यांवर अपहरणे होत होती. संशोधन-पथकातील परिचारिकेलाही बंडखोरांनी काही दिवस अडकवून ठेवले होते. अशा परिस्थितीत रक्ताच्या नळ्या बर्फात घालून मेडेयिनपर्यंत आणणे ही गोष्ट शोधनिबंधातील ‘पद्धती’ या सदराखाली एका ओळीत उरकली जाते. वाचणाऱ्याला त्यामागचा घाम दिसत नाही.

पुरावा मात्र अजून अपुरा होता. हा विकार अल्झायमरच आहे, हे मेंदूच्या ऊतींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केल्याशिवाय त्या काळी छातीठोकपणे सांगता येत नव्हते. १९९२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील मज्जाविकारतज्ज्ञ केनेथ कोसिक हे बोगोटा येथे व्याख्यानासाठी आले असता लोपेरा यांनी त्यांना गाठले आणि या कुटुंबाविषयी सांगितले. कोसिक स्वतः अल्झायमरच्या ऊतींचे अभ्यासक. दोघांची जोडी जमली ती अखेरपर्यंत टिकली. मृत नातलगाचा मेंदू काढून देण्याची गळ शोकाकुल कुटुंबाला घालणे हे कोणत्याही समाजात कठीण. कॅथलिक श्रद्धेच्या आणि डॉक्टरांची ओळख नसलेल्या डोंगरी समाजात तर फारच. पण त्या घरांचा लोपेरा यांच्यावर विश्वास होता, कारण ते आजारपणात आले होते, मयतीला आले होते आणि पुन्हाही येणार होते. मेंदू मिळाला, आणि त्यात अल्झायमरच्या खुणा स्पष्ट दिसल्या.

दरम्यान जनुकशास्त्रातील शर्यत ऐन भरात आली होती. १९९५ मध्ये ‘प्रेसेनिलिन-१’ हे जनुक सापडले आणि त्याच वर्षी आन्तिओकियाच्या कुटुंबांतील दोषही त्याच जनुकात असल्याचे आंतरराष्ट्रीय गटाने दाखवून दिले. या जनुकाच्या आज्ञेनुसार बनणाऱ्या प्रथिनात २८० व्या स्थानावर ग्लुटामिक आम्लाऐवजी अलानिन येते. शेकडो घटकांच्या साखळीतील एका कडीची ही अदलाबदल. पण त्याचा परिणाम असा होतो, की मेंदूतील ‘अमायलॉइड’ या चिकट प्रथिनाची अधिक त्रासदायक लांबी वाढत्या प्रमाणात तयार होऊ लागते आणि विशी-तिशीपासूनच तिचे थर साचू लागतात. आई-वडिलांपैकी एकाकडे हा दोष असला, तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. आणि मिळाला, तर विकार जवळजवळ अटळ. या उत्परिवर्तनाचे मूळ सुमारे पावणेचारशे वर्षांपूर्वी स्पॅनिश वसाहतीच्या काळात आलेल्या एका पूर्वजापर्यंत जात असावे, असे पुढे जनुकीय विश्लेषणातून अनुमान काढण्यात आले. एकाकी डोंगरी वस्ती, मोठी कुटुंबे आणि जवळच्या गावांतच होणारे विवाह यांमुळे तो दोष पसरत गेला. सुमारे पंचवीस विस्तारित कुटुंबे, त्यांत सहा हजारांच्या आसपास हयात माणसे आणि दोष बाळगणारी सुमारे बाराशे, असा अंदाज सांगितला जातो. जगात एकाच उत्परिवर्तनामुळे होणाऱ्या अल्झायमरचा याहून मोठा ज्ञात समूह नाही.

येथे एका ऐतिहासिक योगायोगाची आठवण होते. ज्या रुग्णामुळे अल्झायमर हे नाव वैद्यकाच्या इतिहासात आले, ती ऑगस्ट डेटर ही स्त्रीही वृद्ध नव्हती. १९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिला प्रथम तपासले तेव्हा ती ५१ वर्षांची होती. तिच्या मृत्यूनंतर, १९०६ मध्ये, तिच्या मेंदूतील बदलांचे वर्णन त्यांनी ट्युबिंगन येथील सभेत केले आणि सभेने त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. त्यानंतर कित्येक दशके हा विकार अकाली येणारा आणि दुर्मीळ, तर म्हातारपणीचा विसराळूपणा हा वयाचा धर्म, अशी विभागणी पाठ्यपुस्तकांतून चालत राहिली. आज उलट अडचण आहे. अकाली, आनुवंशिक प्रकार हा एकूण अल्झायमरच्या एक टक्क्याहूनही कमी. तेव्हा आन्तिओकियात जे आढळले ते पुण्या-मुंबईतल्या ऐंशी वर्षांच्या रुग्णाला कितपत लागू पडेल, ही शंका रास्त आहे आणि तिचे पूर्ण निरसन झालेले नाही.

तरीही या कुटुंबांकडे औषध कंपन्यांचे आणि संशोधन संस्थांचे लक्ष का गेले, हे समजण्यासारखे आहे. सर्वसाधारण अल्झायमर कोणाला आणि केव्हा होईल हे आधी सांगता येत नाही. म्हणून प्रतिबंधाची चाचणी कोणावर करायची हाच प्रश्न असतो. आन्तिओकियात मात्र रक्ताच्या तपासणीवरून पंचविशीतच सांगता येत होते की हा माणूस चव्वेचाळिसाव्या वर्षाच्या आगेमागे विसरू लागेल. विकार सुरू होण्यापूर्वी अमायलॉइडला अटकाव केला तर विकार टळेल काय, हे पाहण्यासाठी अशी जागा दुसरी नव्हती. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील बॅनर अल्झायमर संस्था, जेनेन्टेक ही औषध कंपनी आणि लोपेरा यांचा गट यांनी मिळून ही चाचणी आखली. २०१२ मध्ये तिची घोषणा झाली, २०१३ च्या अखेरीस ती सुरू झाली. सुमारे दहा कोटी डॉलर खर्चाच्या या योजनेतील मोठा भाग कंपनीने उचलला, तर काही भार अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी.

चाचणीत एकूण २५२ जण सहभागी झाले. त्यांतील जवळपास एक-तृतीयांश लोकांत तो जनुकीय दोष नव्हताच, आणि त्यांना केवळ निष्क्रिय द्रव्य दिले जात होते. हा उपद्व्याप कशासाठी, असे एखाद्या हिशेबी माणसाला वाटेल. पण त्यामागे एक फार महत्त्वाचा विचार होता. केवळ दोषग्रस्तांनाच चाचणीत घेतले असते, तर निवड झाली म्हणजेच विकार ठरलेला, हे प्रत्येकाला आपोआप कळले असते. आपल्या जनुकांत काय लिहिले आहे हे न जाणण्याचा त्यांचा हक्क राखण्यासाठी हा खर्च करण्यात आला.

या न जाणण्याच्या हक्काविषयी मात्र एकतर्फी बोलता येणार नाही. ही कुटुंबे वर्षानुवर्षे रक्त देत आली, स्मृतीच्या चाचण्यांना बसत आली, आणि निकाल मात्र संशोधकांच्या कपाटात राहिला. उपाय नसताना असे भाकीत माणसाच्या हाती ठेवणे क्रूरपणाचे ठरेल, समुपदेशनाची व्यवस्था त्या डोंगरात नाही, आत्महत्येचा धोका आहे, ही संशोधकांची बाजू. ती खोटी म्हणता येत नाही. पण लग्न करावे की नाही, मूल होऊ द्यावे की नाही, हे ठरवण्याच्या वयात असलेल्या मुलीला तिच्याच रक्ताविषयी माहिती न देणे हेही सोपे समर्थन होण्यासारखे नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते, आरंभीच्या काळात योग्य असलेला संकोच पुढे सवयीचा झाला. ज्यांना जाणून घ्यायचे आहे त्यांच्यासाठी समुपदेशनाची घडी बसवणे हे कोट्यवधी डॉलरच्या योजनेला अशक्य नव्हते.

दर दोन आठवड्यांनी इंजेक्शन, वेळोवेळी मेंदूचे चित्रण, तासन्‌तास चालणाऱ्या स्मृतीच्या परीक्षा, आणि हे सारे पाच ते आठ वर्षे. त्यात मध्येच कोविडची साथ आली. तरीही नव्वद टक्क्यांहून अधिक सहभागी अखेरपर्यंत टिकले. औषध-चाचण्यांचा अनुभव असलेल्या कोणालाही हा आकडा थक्क करील. १६ जून २०२२ रोजी निकाल जाहीर झाला: क्रेनेझुमॅब या औषधाने विकाराचा आरंभ लांबवला असे म्हणण्याजोगा फरक आढळला नाही. काही मोजमापे औषधाच्या बाजूला किंचित झुकलेली होती, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकली नाहीत. दशकभर ज्या आशेवर ती कुटुंबे जगली, ती एका प्रसिद्धिपत्रकासरशी मावळली. तरी एवढ्याने अमायलॉइड सिद्धांत पडला असे मानण्याचे कारण नव्हते. औषध दुबळे होते, की उशिरा दिले, की मुळातच निशाणा चुकला, या तिन्ही शक्यता उघड्या राहिल्या.

खरी कलाटणी त्याआधीच, आणि भलत्याच बाजूने आलेली होती. या कुटुंबातील एका स्त्रीमध्ये तो दोष होता; म्हणजे तिला पंचेचाळिशीतच विस्मरण व्हायला हवे होते. पण सत्तरी उलटेपर्यंत ती घर चालवीत होती, गप्पा मारीत होती. लोपेरा यांच्याच हाताखाली शिकून पुढे बोस्टनला गेलेल्या याकील किरोझ यांच्या प्रयत्नांनी या स्त्रीला तेथील रुग्णालयात तपासणीसाठी नेण्यात आले. तिच्या मेंदूत अमायलॉइडचा साठा प्रचंड होता, कुटुंबातील इतर रुग्णांपेक्षाही अधिक. मात्र मेंदूच्या पेशींत गुंतागुंत करणारे ‘टाऊ’ हे दुसरे प्रथिन तिच्यात आश्चर्यकारकरीत्या कमी होते. कारण शोधता असे दिसले, की रक्तातील चरबीची ने-आण करणाऱ्या ‘अपोई’ या जनुकाचा एक अतिदुर्मीळ प्रकार तिला आई-वडील दोघांकडूनही मिळालेला होता. न्यूझीलंडमधील ज्या शहरात तो प्रथम नोंदला गेला त्यावरून त्याला ‘क्राइस्टचर्च’ म्हणतात. २०१९ मध्ये हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. २०२३ मध्ये आणखी एका पुरुषाची हकिगत आली, ज्याला ‘रीलिन’ या वेगळ्याच जनुकातील बदलाने साठीच्या उत्तरार्धापर्यंत तारले होते. आणि जून २०२४ मध्ये, लोपेरा यांच्या मृत्यूपूर्वी तीन महिने, क्राइस्टचर्च प्रकाराची एकच प्रत असलेल्या २७ जणांचा अभ्यास आला. त्यांच्यात विस्मरणाची सुरुवात सरासरी पाच वर्षे लांबलेली आढळली.

या घटनाक्रमात एक गोष्ट ठळकपणे दिसते. अमायलॉइड भरपूर असूनही बुद्धी शाबूत राहू शकते, हे सत्य कोणत्याही महागड्या चाचणीने उघड केले नाही. एका स्त्रीला जे व्हायला हवे होते ते झाले नाही, एवढ्यावरून ते उघड झाले. पण ‘व्हायला हवे होते’ असे म्हणण्यासाठी तिच्या शेकडो नातलगांचे काय आणि केव्हा झाले याची नोंद हाताशी असावी लागते. ती नोंद एका निवासी डॉक्टरने तीस-पस्तीस वर्षांपूर्वी, कोणत्याही जनुकाचा पत्ता नसताना, वहीत लिहायला घेतली होती. क्राइस्टचर्च प्रकाराचा परिणाम घडवून आणू शकेल अशा प्रतिपिंडांवर आता प्रयोगशाळांतून काम चालू आहे. त्यातून औषध निघेलच असे नाही. निघाले, तर त्याचा उगम त्या वहीत असेल.

मग प्रश्न येतो तो जमाखर्चाचा. अमायलॉइड काढून टाकणारे लेकॅनेमॅब हे औषध अमेरिकेत २०२३ मध्ये आणि डोनानेमॅब २०२४ मध्ये मान्य झाले. लेकॅनेमॅबच्या दीड वर्षाच्या चाचणीत सौम्य विकार असलेल्यांची घसरण २७ टक्क्यांनी मंदावल्याचे आढळले; रुग्णाला आणि घरच्यांना हा फरक जाणवतो की नाही, याविषयी तज्ज्ञांत अद्याप मतभेद आहेत. मेंदूला सूज येणे, रक्तस्राव होणे हे धोके आहेत. बाजारात येताना अमेरिकेतील त्याची किंमत होती वर्षाला २६,५०० डॉलर. ज्या डोंगरी कुटुंबांच्या रक्तातून आणि मेंदूंतून या सिद्धांताला बळ मिळाले, त्यांपैकी कोणाला ही रक्कम परवडणार आहे? शेजारच्या व्हेनेझुएलात माराकाइबो सरोवराकाठच्या कुटुंबांनी हंटिंग्टन या मज्जाविकाराच्या जनुकाचा शोध शक्य केला. १९८३ मध्ये त्या जनुकाची जागा कळली, १९९३ मध्ये जनुक हाती आले, जगभर तपासणीची सोय झाली. आणि ती कुटुंबे तशीच दारिद्र्यात राहिली. चाचणीत भाग घेणाऱ्यांना पुढे उपचार मिळण्याची तरतूद आधीच करावी, असे हेलसिंकी जाहीरनामा सांगतो. चाचणी फसली म्हणजे ही जबाबदारी कागदावर संपते. चार दशकांचे देणे मात्र एका चाचणीपुरते नव्हते.

लोपेरा यांनी आपल्यापरीने हे देणे ओळखले होते, असे म्हणावे लागेल. त्यांच्या गटाने रुग्ण सांभाळणाऱ्या नातलगांसाठी मार्गदर्शन, गावोगावच्या भेटी आणि सामाजिक मदत यांची जोड संशोधनाला दिली. ती पुरेशी होती काय? नव्हती. ती देण्याचे काम एका विद्यापीठाच्या विभागाचे होते काय, हाही प्रश्नच आहे.

हे सारे दूरच्या देशातले म्हणून वाचून बाजूला ठेवता येण्याजोगे नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, आणि ते स्त्रियांत व ग्रामीण भागात अधिक आहे. नव्वदच्या दशकात हरियाणातील बल्लभगड येथे झालेल्या अभ्यासात अल्झायमरचे प्रमाण फारच कमी आढळले होते आणि ‘भारतीयांना हा रोग होत नाही’ अशी एक सुखद समजूत त्यावरून रूढ झाली. हळदीला त्याचे श्रेय देणारे लेख आपणही वाचलेले आहेत. आता ती समजूत सोडून देणे भाग आहे. कर्नाटकात कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपुरा तालुक्यात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातील मेंदू संशोधन केंद्राने २०१८ पासून पंचेचाळिशीपुढील दहा हजार ग्रामस्थांचा दीर्घकालीन पाठपुरावा करण्याचे काम हाती घेतले आहे. बंगळुरूच्याच ‘निम्हान्स’मध्ये नव्वदच्या दशकापासून मेंदूपेढी आहे. म्हणजे सुरुवात झालेली नाही असे नाही. पण असे पाठपुरावे तीस-चाळीस वर्षे चालवावे लागतात, आणि आपल्याकडील संशोधनाला मिळणारा पैसा तीन-पाच वर्षांच्या प्रकल्पांच्या हिशेबाने येतो.

शिवाय माणसांचा प्रश्न आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातील मज्जाविकारतज्ज्ञाला सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात प्रत्येक रुग्णामागे किती मिनिटे मिळतात, हे ज्याने अशा रांगेत आप्तांसह उभे राहून पाहिले आहे त्याला वेगळे सांगायला नको. बढतीसाठी शोधनिबंधांची संख्या मोजली जाते. रुग्णाच्या गावी जाऊन वंशावळ लिहून घेण्याला त्या तक्त्यात रकाना नाही. ‘यांच्या वडिलांचेही असेच झाले होते’ हे वाक्य आपल्या रुग्णालयांतून रोज कोणीतरी उच्चारीत असेल. ते ऐकून घेण्याला वेळ आणि ऐकल्यानंतर त्याच्या मागे जाण्याची मुभा, या दोन गोष्टी आन्तिओकिया विद्यापीठाने, हिंसाचाराने पोळलेल्या एका मध्यम उत्पन्नाच्या देशात, आपल्या एका डॉक्टरला दिल्या. आपली विद्यापीठे त्याहून गरीब आहेत असे म्हणता येणार नाही.

रोग कळण्याच्या कितीतरी वर्षे आधी त्याचा माग दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या आता प्रयोगशाळांतून बाहेर पडून व्यवहारात येऊ लागल्या आहेत. आन्तिओकियाच्या कुटुंबांना जो पेच चार दशके भोगावा लागला, तो उद्या शहरातल्या कोणत्याही पन्नाशीच्या माणसासमोर येऊन उभा राहील: उपाय हाती नसताना निदान जाणून घ्यायचे काय, आणि ते कोणी, कोणत्या शब्दांत सांगायचे? मेडेयिनमध्ये लोपेरा यांच्या पश्चात त्यांचे शिष्य हे काम पुढे चालवीत आहेत. नव्या चाचण्यांसाठी त्याच घरांतील पुढची पिढी, ज्यांच्या आई-वडिलांनी आधीच्या चाचणीत दर पंधरवड्याला हात पुढे केला होता ती मुले, आता तिशीत येत आहेत.